ही पोहायला लागली

६ मे

फिजिओबाईंनी बजावून सांगितलंय की रोज दोन ओळी लिहायच्या. किती मिनिटं पाण्यात, रक्तदाब किती, डावा पाय ओढते का. मी चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर लिहून घेतले, तेव्हा हे मला जमेल असं त्यांना वाटतं.

तर सुरुवात. हिला फेब्रुवारीत मेंदूचा झटका आला. एकोणीस दिवस इस्पितळात. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन ‘जवळच्यांना कळवून ठेवा’ म्हटलं, आणि अकराव्या दिवशी सकाळी ही उठून बसली आणि भूक लागली म्हणाली. तेव्हापासून सुधारणाच आहे. पाय तेवढा राहिलाय. पाण्यात चालवा, पाणी अर्धं वजन उचलतं, असं फिजिओबाई म्हणतात.

अडचण एवढीच की ही पाण्याला भिते. लग्नानंतर आम्ही समुद्रावर गेलो होतो, तेव्हा ही चपला हातात घेऊन पार लांब, कोरड्या वाळूत उभी राहिली आणि तिथूनच मला ‘अहो, पुरे’ म्हणून हाका मारत होती. आंघोळीच्या पाण्याव्यतिरिक्त सदतीस वर्षांत हिच्या घोट्याच्या वर पाणी गेलेलं मी पाहिलं नाही.

लेकीने शहरातल्या उघड्या तलावांची यादी छापून पाठवलीय. पाच तलाव आणि दोन कारंज्यांची अंगणं. हंगामाचा एकच पास सगळीकडे चालतो. कारंज्यांच्या अंगणात पाणी साठत नाही, फरशीतून उडतं आणि जाळीतून निघून जातं, म्हणून तिथून सुरुवात करा, असं तिने पेनने वर लिहिलंय.

आज वाचनालयामागचं अंगण. मी हिला धरून नेणार होतो. ही बाकावरून उठली, काठी माझ्या मांडीवर ठेवली आणि सरळ पाण्यात शिरली. सात मिनिटं. रक्तदाब उत्तम.

१४ मे

पहिला तलाव, बस आगाराजवळचा, कमरेएवढ्या पाण्याचा. दहा मिनिटं चालायचं ठरलं होतं, ही बावीस मिनिटं चालली. पायऱ्या उतरण्याआधी तिने गळ्यावर आणि छातीवर पाणी मारून घेतलं. का, विचारलं तर म्हणाली, “अंगाला सांगावं लागतं.”

एक आई तान्ह्या बाळाला पाण्यात धरून होती. ही चालता चालता तिच्यापाशी थांबली. “काखेत धरा. मान मोकळी सोडा, तो उचलेल.” आवाज असा की त्या बाईने मुकाट्याने ऐकलं. बाळाने मान उचलली. मला गंमत वाटली. घरी साधा दूधवाला उशिरा आला तरी ही मला पुढे करायची.

१९ मे

लेकीचा फोन. हिच्याशी बोलून झाल्यावर तिने मला परत मागितलं. “बाबा, आई अशी का बोलते?”

“कशी?”

“ओळखीच्या काकूंसारखी. कशी आहेस, काम कसं चाललंय. माझ्या दाढेचं काय झालं, ते विचारलंच नाही.”

मी सांगितलं की झटक्यानंतर असं होतं, काही कप्पे उशिरा उघडतात. तिला पटलं. मलाही पटलं.

२३ मे

आज जे झालं ते दोन ओळींत बसणार नाही.

बागेतला मोठा तलाव. एका टोकाला छातीएवढं पाणी, दुसऱ्या टोकाला बुडेल एवढं. मी काठावर टॉवेल घेऊन बसलो होतो. ही उथळ पाण्यात दोन फेऱ्या चालली, मग थांबून पलीकडच्या टोकाकडे बघत राहिली. पुढच्या क्षणी ती पाण्यावर आडवी झाली आणि गेली. मी ओरडलो असणार, कारण जीवरक्षक उठून उभा राहिला. पण तो उडी मारेना. नुसता बघत होता. हात वर येत होता, पाण्यात शिरत होता, आवाजसुद्धा होत नव्हता. पलीकडच्या भिंतीशी ती उलटी फिरली आणि परत आली.

“काका,” जीवरक्षक मला म्हणाला, “बाई कुठल्या क्लबच्या?”

मी म्हटलं, आमच्या घरच्या.

ही काठाशी आली. धाप नाही, काही नाही. माझ्याकडे हात करून म्हणाली, “अरे, टॉवेल दे.”

सदतीस वर्षं ‘अहो’ म्हणणारी बाई. मी टॉवेल दिला.

२४ मे

फिजिओबाई खूश. मेंदू नव्या वाटा शोधतो म्हणाल्या. मी विचारलं, न शिकलेलं पोहणं शोधतो का? त्या म्हणाल्या, लहानपणी शिकल्या असतील, आठवलं असेल. हिचं माहेर डोंगरावरचं. तिथे प्यायचं पाणीही टँकरने यायचं. पण वाद घातला नाही.

दुपारी ही शिवणाच्या खोलीच्या दारात उभी होती. याच खोलीत बसून हिने अर्ध्या गल्लीचे पडदे शिवलेत. मशीनवरचं कापड उचलून बघितलं आणि मला म्हणाली, “कोणाचं आहे हे?”

कप्पे उशिरा उघडतात.

३१ मे

आठवडाभर काही लिहिलं नाही, कारण बरं चाललं होतं. आज खरं ते लिहून टाकतो, ही वही कोण बघतंय.

मला मजा येते आहे. ही माझ्या पुढे चालते. आधी नेहमी दोन पावलं मागे असायची आणि मी वळून ‘चल गं’ म्हणायचो. आता तीच वळून ‘चल रे’ म्हणते. उभ्याउभ्या जेवते. खिडक्या उघड्या टाकते. गेली काही वर्षं ही फार गप्प झाली होती. संध्याकाळी मशीनसमोर बसून राहायची, मशीन बंद. मी बातम्या बघायचो. दुखतंय का काही, असं एकदा विचारलं होतं, ‘नाही’ म्हणाली, मी परत बातम्यांकडे वळलो.

एकच गोष्ट. दुपारी झोपते तेव्हा श्वास रोखते. मी घड्याळ लावून बघितलं. एक मिनिट वीस सेकंद. मग सावकाश सोडते, आणि परत. मी शेजारी बसून तिच्याबरोबर श्वास रोखायला लागतो. चाळीस सेकंदांच्या पुढे जात नाही.

८ जून

यादीतला पाचवा आणि सगळ्यात जुना तलाव, पाण्याच्या टाकीखालचा. हिरव्या फरशा, काही निखळलेल्या. आत शिरताना मी डावीकडे वळलो. “बायकांचं उजवीकडे,” ही म्हणाली. पाटी कुठेच नव्हती.

लॉकरच्या किल्ल्या देणाऱ्या मावशी साठीच्या असतील. ही पाण्यात उतरेपर्यंत त्यांचं लक्ष नव्हतं. मग किल्ल्यांचा झुबका खाली पडल्याचा आवाज आला. मावशी काठावर येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

“यांना कोणी शिकवलं?”

“आपोआपच,” मी म्हटलं.

“असं आपोआप येत नाही. बघा, हात पाण्यात घालताना अंगठा आत वळवतात. आणि दर चौथ्या हाताला श्वासासाठी मान वळवतात. असं आमच्या मॅडम करायच्या, दुसरं कोणी नाही. एकतीस वर्षं शिकवलं त्यांनी इथे. मुलांना सांगून थकल्या, कोणाला जमलं नाही.”

“मॅडम आता कुठे आहेत?”

“आजारी आहेत. फेब्रुवारीत झटका आला. आधी सुधारत होत्या, मी भेटून आले होते, चांगल्या बोलल्या. मग एका सकाळी सगळंच गेलं. आता टेकडीवरच्या शुश्रूषा केंद्रात आहेत. ओळख देत नाहीत.”

इस्पितळाचं नाव विचारलं. तेच निघालं. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिच्या शेजारच्या खाटेवर एक उंच बाई होती, मधे पडदा. दोघी पडद्याआडून बोलत बसायच्या, मी जायचो तेव्हा गप्प व्हायच्या. म्हणजे पडल्या पडल्या त्या बाईंनी हिला पोहायला शिकवलं! तोंडी शिकवलं असेल, पण मुळापासून. सगळ्याचा उलगडा झाला. मी मावशींना सांगितलं तर त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि किल्ल्या गोळा करायला लागल्या.

बाईंचे आभार मानायला जायला हवं.

१२ जून

गेलो होतो. नीट लिहितो.

दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीखाली धुतलेल्या चादरी वाळत होत्या. बाई एवढ्या उंच की पाय खाटेच्या कडेला टेकलेले. डोळे छताकडे. डावा हात निर्जीव, पण उजव्या हाताची बोटं चादरीच्या दुमडलेल्या काठावरून हळूहळू पुढे सरकत होती, एक एक टाका चाचपत. एका जागी टाके सुटले होते. तिथे बोटं थांबली आणि परत मागे आली.

मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, “तुम्ही मला ओळखणार नाही. इस्पितळात तुमच्या शेजारी पेशंट होती, तिचा मी नवरा. तुम्ही तिला फार छान शिकवलंत.”

त्यांनी मान वळवली. किती वेळ बघत होत्या, सांगता येत नाही. तोंड हलायला लागलं. मी पुढे वाकलो.

“अहो,” त्या म्हणाल्या. मग बराच वेळ जमवाजमव करून, “चष्मा पुसा.”

मी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला.

परिचारिका दारात होती. “बोलल्या?” ती म्हणाली. “इथे आणल्यापासून एक शब्द नाही काढलेला. तुम्ही कोण त्यांचे?”

मी म्हटलं, कोणी नाही.

“त्यांना कोणीच नाही. लग्नच केलं नाही.”

जिना उतरताना लक्षात आलं. जन्मभर मी दुसऱ्यांच्या काचा घासल्या आणि स्वतःच्या चष्म्यावर बोटांचे ठसे घेऊन फिरलो. ते मला एकच माणूस सांगतं. सांगायचं. फेब्रुवारीपासून घरात कोणी सांगितलेलं नाही.

बस दोनदा सोडली. तिसरीत बसलो.

२६ जून

आजारी माणसं काहीही बोलतात. चष्मा घाण होता, कोणीही सांगितलं असतं.

तरी मंगळवारी आणि शुक्रवारी जातो. वेळ जातो. बाईंची नखं वाढली होती, ती कापली. सुटलेले टाके घालायला सुई-दोरा नेला होता. मला टाके घालता येत नाहीत. त्या बघत होत्या आणि त्यांच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. डावा उठत नाही. ‘बाहेरून नाही हो,’ म्हणाल्या, ‘आतून.’

घरी सांगितलं नाही. फिरायला जातो म्हणतो.

१८ जुलै

ही आता पाण्याच्या टाकीखालच्या तलावावरच जाते. बाकीचे उथळ आहेत म्हणते. मावशींनी सांगून टाकलं असावं, कारण काही मुलं हिच्याकडे शिकायला येतात. घरी रात्री शिवणाच्या खोलीत झोपते, खिडकी उघडी ठेवून. मी कारण विचारलं नाही. माझ्यापासून लांब झोपते याचा मला राग नाही, आणि राग नाही याची थोडी भीती वाटते.

आज मी काठावर पाय सोडून बसलो होतो. ही पोहून येऊन शेजारी कोपर टेकवून राहिली.

“मंगळवारी तिच्याकडे जातोस ना?”

“कोणाकडे?”

“जात जा. तिला तेवढंच.” तिने हातावरचं पाणी निपटलं, हात उलटासुलटा करून बघितला. “डॉक्टर मला म्हणाले होते, आता पाण्याचं नाव काढू नका. मी रडत होते. जोरात नाही, पण मधे नुसता पडदा होता. ती पलीकडून म्हणाली, माझं घ्या. मला नकोय. मी दमलेय.”

“काय घ्या?” मी विचारलं.

तिने टोपी कानांवर ओढली आणि खालून भिंतीला रेटा देऊन गेली. पाण्याखालून बरीच लांब गेली. मी श्वास रोखून बसलो होतो हे ती पलीकडे वर आली तेव्हा कळलं.

२३ जुलै

कोणाला सांगू? फिजिओबाईंना? त्यांच्या कागदावर लिहिलंय, ‘पूर्ण बरी’. लेकीला? काय सांगू?

आज केंद्रात गेलो. दार लावून घेतलं. खाटेवरच्या बाईंना मी आजवर अहो-जाहो केलं होतं. आज विचारलं, “तू दमली होतीस?”

त्यांनी डोळे मिटले, उघडले. “हो.”

“माझ्यामुळे?”

ही शब्द जुळवायला वेळ घेते. ही नव्हे, त्या. मी थांबलो. खाली कोणीतरी चादरी झटकत होतं.

“थोडी,” त्या म्हणाल्या. मग, “सगळी नाही.”

“मला कळलं नाही.”

“विचारलं नाहीत.”

“एकदा विचारलं होतं.”

“बातम्या चालू होत्या.”

मी त्यांचा हात धरला. मोठा हात, रुंद पंजा, माझ्या ओळखीचा नाही. बोटांनी माझ्या सदऱ्याच्या बाहीचा काठ शोधला आणि तपासला.

“आणि आता?” मी विचारलं.

“आता झोप झाली,” त्या म्हणाल्या.

परत यायचंय का, असं माझ्या तोंडून गेलं. का विचारलं, मला माहीत नाही. त्यांनी खिडकीकडे बघितलं. “तिला पोहू द्या,” म्हणाल्या. “तुम्ही येत जा.”

१६ ऑगस्ट

रोज जातो. बाई आता सलग तीन-चार वाक्यं बोलतात. मी बातम्यांचं सांगायला गेलो तर म्हणाल्या, ते नको. मग काय सांगू? जिन्यात काय वास येतो, शेजारच्या म्हातारबाबांनी कुत्र्याला काय शिव्या दिल्या, ते सांगतो. हसतात. मी एवढा बोलतो हे मलाच नवीन आहे.

परिचारिका म्हणाली, बाहेर फिरायला नेलं तरी चालेल, चाकांची खुर्ची देऊ. एकतीसला तलाव बंद होतात. यादीतलं दुसरं कारंज्यांचं अंगण आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

घरी सांगितलं. ही म्हणाली, “मी पण येते.”

३१ ऑगस्ट

मी बाईंना घेऊन आधी पोचलो. मोठं अंगण, निळी फरशी, मधूनमधून भोकं. पाणी एकदम वर यायचं आणि पोरं किंचाळत पळायची. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मी म्हटलं, लांब थांबू. त्या म्हणाल्या, “नाही. कडेला न्या.”

ही आली, पाठीला पिशवी, ओले केस. दोघी समोरासमोर झाल्या. मला वाटलं होतं काहीतरी होईल. आभाळ फाटेल वगैरे. काही झालं नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, जसं भाड्याने दिलेलं घर बघायला मालकीण येते तसं.

“बारीक झालेय,” बाई म्हणाल्या. त्यांचं व्याकरण अजून जुळत नाही.

“खाते भरपूर. पोहण्याने होतं.”

“केस कापलेत.”

“टोपीत मावत नव्हते.” ही खुर्चीसमोर उकिडवी बसली. बाईंचा निर्जीव हात उचलून मांडीवर नीट ठेवला. मग आपल्या गालावर धरला, बराच वेळ. “खांदा दुखतो का? उजवा. तो आधीपासूनच दुखायचा. झोपताना काखेत उशी घ्यायची.”

“बरं.” बाईंनी विचार केला. “लोणी चालत नाही तिकडे. पित्त उठतं.”

“कळलं मला ते. मे महिन्यातच.”

“आणि डावी दाढ. काढून टाका.”

दोन बायका दुखण्यांबद्दल बोलत होत्या, एवढंच. मी प्यायचं पाणी आणायला गेलो. नळाशी उभा राहिलो आणि बाटली भरून वाहायला लागली तरी तसाच उभा राहिलो.

परतलो तेव्हा ही निघाली होती. शेवटचा दिवस, टाकीखालच्या तलावात संध्याकाळपर्यंत पोहून घेते म्हणाली. “मुलं वाट बघतायत.” दोन पावलं जाऊन वळली. मी ‘चल रे’ची वाट बघत होतो. तिने बाईंना हात केला, मग मलाही, आणि गेली. चाल अगदी सरळ. पाय ओढत नाही.

मी खुर्ची कडेला लावली. समोरच्या भोकातून पाणी उडालं आणि आमच्या दोघांच्या पायांवर पडलं. बाई दचकल्या. मग हळूच उजवा पाय थोडा पुढे केला.

तेवढ्यात फोन वाजला. लेक. “बाबा, आईला दे.”

मी म्हणणार होतो, ती पोहायला गेलीय. बाईंनी हात पुढे केला. तो रुंद पंजा. मी फोन त्यांच्या कानाला लावला, आणि त्यांना नीट धरता येईना म्हणून आवाज मोठा केला.

“बेटा,” बाई म्हणाल्या. तो घोगरा, जड, परक्या बाईचा आवाज. मला वाटलं, आता ती विचारेल, कोण बोलतंय.

“दाढ,” बाई म्हणाल्या, “काढलीस की तशीच?”

“आई,” लेक म्हणाली. तिचा स्वर एकदम खाली आला, लहानपणी तापात यायचा तसा. “घसा बसलाय का गं तुझा? किती दिवसांनी बोललीस.”

“थोडा बसलाय. सांग. दाढेचं सांग.”

ती सांगायला लागली. मी चष्म्यावरचं पाणी पुसलं आणि ऊन बाईंच्या डोळ्यांवर येत होतं म्हणून त्या बाजूला जाऊन उभा राहिलो.